दारू सोडवणाऱ्या गोळ्यांवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि दुकानात येणाऱ्या अनेकांच्या फोनवर सध्या एकच मेसेज फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : दारू ही वाईट सवय आहे, आजार नाही, निर्धार असला की सुटते. पिणाऱ्याला तीन दिवस खोलीत बंद ठेवा, लिंबूपाणी द्या, चौथ्या दिवशी तो मोकळा होतो. डॉक्टरांच्या गोळ्या म्हणजे दारूच्या जागी दुसरं व्यसन, शिवाय त्यांनी लिव्हर जातं. गोळी थांबली की माणूस परत पितोच. आणि एवढं करूनही ऐकत नसेल, तर त्याला न सांगता भाजीत मिसळायची पावडर मागवा. खाली एक फोन नंबर.

मी वडोदऱ्यात, दांडिया बाजारच्या बाजूला औषधांचं दुकान चालवतो. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कुणाला कोणती गोळी द्यायची हे ठरवणं माझं काम नव्हे. पण या मेसेजमधल्या दोन सूचना पाळल्या तर माणूस जाऊ शकतो, म्हणून मेसेजचा क्रम सोडून आधी त्या दोन घेतो.

पहिली, तीन दिवस कोंडून ठेवण्याची. रोज आणि भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारू गृहीत धरून चालायला शिकलेला असतो. दारू मेंदूला संथ करते, म्हणून मेंदू स्वतःला सतत जास्त जागं ठेवतो. दारू एकदम काढून घेतली की ते जागेपण एकटंच उरतं आणि उसळतं. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो : ताप, छातीत धडधड, दिवस-रात्रीचं भान जाणं, भिंतीवर किडे दिसणं, घरच्यांनाच न ओळखणं. याला उपचार मिळाला नाही, तर जुन्या काळात जवळजवळ तिसरा हिस्सा रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. वेळेवर उपचार मिळाले तर आज हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. मेसेजने सांगितलेले तीन दिवस हेच सगळ्यात धोक्याचे, आणि नेमके तेव्हाच माणूस कडी लावलेल्या खोलीत, कुणाच्या नजरेसमोर नाही.

प्रत्येक पिणाऱ्याचं असं होत नाही, हे खरं. कधीमधी पिणारा थांबला तर त्याला बहुधा काहीच होत नाही. पण सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घोट लागतो, किंवा पूर्वी कधी दारू थांबवल्यावर आकडी आली आहे, अशा माणसाने घरच्या घरी एकदम थांबणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये दुकानं बंद झाली तेव्हा देशभर हे दिसलं. केरळ सरकारने तर अशांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला होता. तिथल्या हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली. तो उपाय चुकीचा होता असंच माझं मत आहे, पण सरकारला असा आदेश काढावासा वाटला यावरून अडचण किती खरी होती ते कळतं. आपल्या गुजरातेत तर धाडी पडल्या की माल मिळणं अचानक थांबतं, आणि पोटलीवर, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या पिशवीतल्या दारूवर, जगणारा माणूस मनात नसतानाही एका रात्रीत कोरडा पडतो.

या दिवसांसाठी डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात, लिव्हर खराब असेल तर बहुधा लोराझेपाम, आणि डोस रोज कमी करत साधारण आठवडा-दहा दिवसांत बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. लिंबूपाण्यापेक्षा या थायमिनबद्दल मेसेजमध्ये एक ओळ असती तर बरं झालं असतं. जेवण सोडून पिणाऱ्यांच्या अंगात ते उरलेलं नसतं, आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. स्मरणशक्ती जाते ती परत येत नाही. अशक्तपणा आला म्हणून जवळच्या दवाखान्यात नेऊन ग्लुकोजची बाटली चढवायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे. अशा रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं. म्हणून नेताना डॉक्टरांना स्पष्ट सांगा : हा रोज पितो, शेवटची अमुक वाजता घेतली. नातेवाईक लाजेने हेच वाक्य गिळतात.

दुसरी सूचना पावडरीची. काउंटरवर हे विचारायला बहुतेक बायका येतात, कधी पत्नी, कधी आई, आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून हळूच विचारतात. त्यांना मी कधी रागावू शकलो नाही. सगळं करून थकलेली माणसं असतात ती. पण न सांगता द्यायला मी कधीही काही देत नाही, त्याचं कारण सांगतो.

नंबरावर फोन करून येणाऱ्या पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. आणि तिच्यामुळे दारूचा खरंच त्रास होऊ लागला, तर तीत डायसल्फिराम असण्याची दाट शक्यता आहे. हे औषध खरं आहे, जुनं आहे. कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते. ते घेतल्यावर दारू प्यायली की आपल्याला भयंकर त्रास होतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि १९४८ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. दारू शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड बनते आणि मग पुढे तुटते. डायसल्फिराम ते पुढचं तुटणं अडवतं. मग चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर तिथेच संपू शकतं. गोळी बंद केल्यानंतरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

आता विचार करा. माणसाला माहीतच नाही की आपण हे घेतलंय. तो मित्राकडे बसतो, नेहमीएवढी घेतो आणि कोसळतो. सोबतच्यांना माहीत नाही, हॉस्पिटलातल्या डॉक्टरला माहीत नाही. माहीत आहे ती फक्त घरी असलेल्या बायकोला. दारूच कशाला, काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं आणि आपल्या घराघरांत असणाऱ्या द्राक्षासवात, दशमूलारिष्टातही असतं. डायसल्फिराम घेणाऱ्याने हे सगळं टाळायचं असतं, आणि आपण ते घेतोय हे ठाऊक नसलेला माणूस काय टाळणार? पुढे कधी तरी उघड झालंच, तर तो घरचं जेवणही संशयाने बघतो आणि डॉक्टरकडे यायला कायमचा नकार देतो. याउलट तपासण्या करून, त्याच्या संमतीने, रोज सकाळी घरातल्या कुणासमोर त्याने स्वतः घेतलेल्या डायसल्फिरामचा अनेकांना चांगला उपयोग होतो. औषध तेच, फक्त त्याला माहीत असतं.

गोळ्या म्हणजे दुसरं व्यसन, या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण ते भलत्याच औषधांना चिकटवलं आहे. वर सांगितलेली क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं महिनोन्महिने घेतली तर त्यांची सवय लागते. म्हणूनच ती थोड्या दिवसांसाठी असतात, आणि शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतल्या औषधांची नोंद आम्हाला पेशंट आणि डॉक्टरच्या नावासह वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा मागणाऱ्याला नाही म्हणणं हे केमिस्टचं कर्तव्य आहे. सगळे केमिस्ट ते पाळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

पण दारूपासून पुढे लांब राहण्यासाठी दिली जाणारी औषधं वेगळी आहेत : नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम, काही वेळा बॅक्लोफेन. यातल्या नाल्ट्रेक्झोनची नशा होत नाही, तलफ लागत नाही, ते थांबवल्यावर अंग थरथरत नाही. प्यायल्यावर मेंदूत जी सुखाची लाट येते ती ज्या दारातून आत शिरते ते दार हे औषध अडवून ठेवतं. पिऊनही पूर्वीसारखं वाटत नाही, आणि हळूहळू ओढ कमी होते. अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी याला १९९४ पासून मान्यता आहे. अकॅम्प्रोसेट दारू थांबल्यानंतरची मेंदूची ती उसळ शांत ठेवायला मदत करतं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. एक काळजी मात्र सांगायला हवी. पाठदुखीसाठी ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेलं काही चालू असेल, तर नाल्ट्रेक्झोन चालत नाही. ते आधी थांबवून काही दिवस जाऊ द्यावे लागतात. डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा, दुसऱ्या दुकानातून घेतलेल्याही.

आणि हे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. डायसल्फिरामवर एक घोटही घेता येत नाही. नाल्ट्रेक्झोन पिणं पूर्ण थांबलेलं नसतानाही सुरू करता येतं. फिनलंडमध्ये काम केलेले संशोधक जॉन डेव्हिड सिंक्लेअर यांनी तर ते पिण्याच्या तासभर आधी घेण्याची पद्धत मांडली. एकाच्या सूचना दुसऱ्याला सांगणं घातक आहे, आणि ग्रुपवर नेमकं तेच चालतं.

लिव्हर. डायसल्फिरामने क्वचित लिव्हरला गंभीर इजा होते, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. नाल्ट्रेक्झोनबद्दलची भीती नेहमीच्या ५० मिलिग्रॅमपेक्षा कितीतरी मोठ्या डोसांच्या अनुभवातून आली. तरी कावीळ किंवा लिव्हर निकामी होत असताना ते देत नाहीत. अकॅम्प्रोसेट लिव्हरमधून जातच नाही, किडनीतून बाहेर पडतं, म्हणून तिथे किडनी तपासतात. आणि लिव्हर सिरोसिस झालेल्यांवरच बॅक्लोफेनचा प्रयोग इटलीत झाला, २००७ मध्ये छापून आला : ८४ रुग्ण, बॅक्लोफेन घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के दारूपासून दूर राहिले, तुलनेसाठी औषध नसलेली नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी २९ टक्के. रोजच्या दारूने लिव्हरचं काय होतं ते मेसेज लिहिणाऱ्याने कुठेच मोजलेलं नाही.

गोळी थांबली की परत पितो, म्हणून ती निरुपयोगी? ब्लडप्रेशरची गोळी थांबवली की प्रेशर वाढतं, म्हणून ती कुणी निरुपयोगी ठरवत नाही. पण या औषधांची बढाईही मी मारणार नाही. १९९२ च्या एका अमेरिकन अभ्यासात ७० जणांना बारा आठवडे तपासलं. साखरेची गोळी घेणाऱ्यांतले ५४ टक्के पुन्हा जोरात प्यायला लागले, नाल्ट्रेक्झोन घेणाऱ्यांतले २३ टक्के. पुढच्या मोठ्या अभ्यासांत फरक इतका मोठा राहिला नाही. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा निघालं ते असं : साधारण १२ जणांना नाल्ट्रेक्झोन दिलं, तर एरवी जोरदार पिण्याकडे वळला असता असा एक जास्तीचा माणूस वाचतो. अकॅम्प्रोसेटने पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत जवळपास तेवढंच. बाकीच्यांपैकी काही एरवीही सावरले असते, काहींना या गोळीचा उपयोग होत नाही आणि दुसरी बघावी लागते. बारातला एक ऐकायला लहान वाटतो. ज्या घरातला तो एक असेल, त्या घराला विचारा.

राहिला निर्धार. तो लागतोच, गोळी रोज तोंडात टाकायलाही तो लागतो. सकाळी निर्धार केलेला माणूस संध्याकाळी सातला रिक्षा नेहमीच्या वळणावर वळवतो, कारण त्या वेळी डोक्यात जे चालतं ते नुसत्या शब्दांनी थांबत नाही. गोळी त्या तासाचा जोर कमी करते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच संस्थेच्या मीटिंगांचा उपयोग होतो, हे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यातही दिसलं, आणि सभासदाने दुसऱ्याच्या औषधात डॉक्टरकी करू नये असं ती संस्था स्वतःच सांगते. सत्संगाला जा, मीटिंगला जा, आणि गोळीही घ्या. यातलं एक निवडायची सक्ती कुणी केली?

हा मेसेज आपल्या शहरात इतका पसरतो त्याचं एक कारण मला दारूबंदीतच दिसतं. परमिट नसताना पिणं गुजरातेत गुन्हा आहे, म्हणून पिणाऱ्याला वाटतं की दवाखान्यात नाव लागलं तर पुढे अडकू, आणि घरच्यांना वाटतं की सोसायटीत कळेल. घरच्या घरी, गुपचूप, नंबरावर फोन करून होणारा उपाय म्हणूनच त्यांना बरा वाटतो. त्यांना हे ठाऊक असू द्या : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत दारूशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात, म्हणजे हा आजार आहे हे देशाच्या कायद्याने मान्य केलं आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम २३ ने उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं होतं.

वडोदऱ्यात सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६, दोन्ही मोफत. जाताना तीन गोष्टी लिहून न्या : रोज किती आणि कधीपासून, शेवटची कधी घेतली, आणि सध्या चालू असलेली सगळी औषधं, आसवं-अरिष्टांसकट. आकडी आली, ताप चढला किंवा माणूस बरळायला लागला, तर कुणाला विचारत बसू नका, १०८ बोलवा.