दिसतो तो लागत नाही

काम अर्धवट टाकून डागाळलेल्या कपड्यांनी दुकानात जाणारा माणूस हौसेनं जात नाही. नळाच्या पाइपाला अर्ध्या इंचाची एल्बो (काटकोनी जोड) म्हणून आणलेली वस्तू बसत नाही, एवढं कारण पुरतं. मुळात अर्धा इंच हा अर्धा इंच नसतोच. त्या लोखंडी पाइपाच्या बाहेरच्या आट्यांवर कॅलिपर लावा, जवळपास 21 मिमी भरतात, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. नाव पडलं ते आतल्या पोकळीवरून, आणि मोजपट्टी लावतो आपण बाहेरून. मग चुकीची एल्बो येते.

आता सभ्य माणसासारखं अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बदलायला जावं म्हटलं, तर अंघोळीला पाणी कुठलं? मेन व्हॉल्व्ह आपणच बंद केलाय. गवंडीकाम करणाऱ्याला तर कपडे बदलण्याचीही सवड नाही. कालवलेला सिमेंटचा माल तास-दीड तासात कामातून जातो, आणि प्लास्टर ऑफ पॅरिस अर्धा तासही थांबत नाही.

तेव्हा आम्ही आहोत तसे निघतो. वाटेतल्या मोठ्या दुकानात शिरताना दारावरच्या रखवालदाराची नजर बुटांपासून सुरू होते आणि गुडघ्याशी येऊन निकाल देते. रांगेत पुढचा अर्धं पाऊल पुढे सरकतो, मागचा एक पाऊल मागे. आम्हांला ऐसपैस जागा मिळते, तक्रार नाही. तक्रार एवढीच की लोक भलत्याच डागाला भितात.

मांडीवरचा तो निळा ऑइलपेंटचा पट्टा घ्या. ऑइलपेंट नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट विणला जातो. दोन-चार दिवसांनी तो कापडाचाच भाग होतो. थिनरलाही दाद देत नाही, तो तुमच्या कुर्त्याला काय लागणार? खिशाजवळचा काळा डाग जळक्या इंजिन ऑइलचा. त्यातलं तेल केव्हाच साबणाबरोबर गेलंय, धाग्यात उरलीय ती काजळी. भांड्यांचा साबण कोरड्या डागावर चोळून दहा मिनिटं ठेवला आणि मग धुतलं की तेल निघतं. काजळी निघत नाही. (तेल पुरतं निघायच्या आत इस्त्री फिरवली, तर तेही कायमचं राहायला येतं.) थोडक्यात, ही पँट धुतलेली आहे हो. रांगेतल्या बऱ्याच जीन्सपेक्षा जास्त वेळा.

घाबरायचंच असेल तर बाहीकडे पाहा. तिथं फटी बुजवायचं पारदर्शक सिलिकॉन लागलंय. वर साय धरली तरी आत दिवसभर चिकट राहतं, आणि दिसत नाही. पांढऱ्या ग्रीसचंही तेच. ग्लासवूलचं, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंच्या कापसाचं, काम करून आलेल्याच्या अंगावर तर एक डाग नसतो. त्याच्याजवळ सगळे बिनधास्त उभे राहतात आणि घरी जाऊन खाजवत बसतात. जो डाग दिसतो तो लागत नाही. जो लागतो तो दिसत नाही.

गंमत म्हणजे त्याच दुकानात, वरच्या मजल्यावर, रंगाचे शिंतोडे उडवलेली नवी कोरी जीन्स हँगरवर असते. शिंतोडे मात्र चुकीचे. छताला रोलर मारला की बारीक ठिपके टोपीवर आणि खांद्यांवर पडतात. ब्रशचा रंग ओघळतो तो मनगटावरून कोपराकडे. मांडीवर ठिपके नसतात, हात पुसल्याचे फराटे असतात, आणि उजव्या हातानं काम करणाऱ्याचे उजव्याच मांडीवर. हँगरवरच्या जीन्सवर दोन्ही मांड्यांवर सारखे ठिपके. म्हणजे हा रंगारी छत सोडून स्वतःचे पाय रंगवत होता.

काउंटरवर आणखी एक परीक्षा. सिमेंटनं कोरडी पडलेली, रेषा बुजलेली बोटं फोन ओळखतच नाही. अंगठा तीन वेळा नाकारला जातो आणि काउंटरवरच्या मुलाची खात्री पटते की फोनही आमचा नाही. तेव्हा घरातूनच पिन लक्षात ठेवून निघावं. हातावरचं ग्रीस काढायला आधी पाणी लावू नये. कोरड्या हातावर थोडं तेल आणि चिमूटभर बारीक भुसा चोळावा, चिंधीनं पुसावं, मग साबण.

आणि स्वच्छ होऊन हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पाहा! इस्त्रीचा शर्ट दिसला की काउंटरमागून पहिला प्रश्न, "कशाला पाहिजे? मिस्त्रीलाच फोनवर द्या ना." तिथं लांबीनं (भेगा बुजवायच्या पुट्टीनं) पांढरी झालेली नखं हेच ओळखपत्र. ती दिसली की एल्बो न विचारता बदलून मिळते, वर आट्यांवर गुंडाळायची टेफ्लॉन टेप आपणहून पुढे येते.

एकाच फेरीत दोन्ही दुकानं उरकायची असतील तर वरून घालायला एक सैल, पुढून बटणांचा शर्ट दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवावा. टी-शर्ट नको, डोक्यातून घालताना ग्रीस नाकाला लागतं. हार्डवेअरमध्ये बटणं उघडी ठेवायची, बाकी सगळीकडे बंद.