‘साबर बोंडं’ मोबाइलवर बघू नका

पितृपंधरवड्यात आमच्याकडे साधी साडीसुद्धा कुणी घेत नाही. २०२५ मध्ये मात्र त्याच पंधरवड्यात मला बघायचे होते ते दोन मराठी सिनेमे लागले. १२ सप्टेंबरला ‘दशावतार’ आणि १९ सप्टेंबरला ‘साबर बोंडं’. दोन्ही ठाण्यातच थिएटरला जाऊन बघितले.

‘दशावतार’ला आईला घेऊन गेले. तिचं माहेर कुडाळजवळचं. कोपरीहून रिक्षा केली, हॉल भरलेला, मागच्या रांगेत मालवणीतूनच गप्पा चाललेल्या. लहानपणी जत्रेत रात्र रात्र बसून तिने दशावतार, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, पाहिलंय. तिथे संवाद कागदावर नसतात. पायपेटी-पखवाजाच्या साथीला नट जागच्या जागी बोलतो, आणि आपला चेहरा आपणच रंगवतो. दिलीप प्रभावळकर रंग लावायला बसले तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला. “ह्यो खराच दशावतारी दिसता गो,” एवढंच म्हणाली. सिनेमा लागला तेव्हा प्रभावळकर ८१ वर्षांचे होते! नजर अधू झालेला, तरी तोंडाचा रंग न सुटणारा बाबुली मेस्त्री त्यांनी जिवंत केलाय. उत्तरार्धात सिनेमा सूडाकडे वळतो, मुद्दा ओरडून सांगायला लागतो, तिथे माझं मन जरा सिनेमातून बाहेर आलं. तरी त्यांच्यासाठी परत बघेन.

‘साबर बोंडं’ला जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. आमच्या जवळपास शो किती? एक. तोही कामाच्या दिवशी, भरदुपारी. हाफ डे टाकून गेले. आम्ही ११ जण होतो.

वडील गेले म्हणून मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो. सुतकाचे सगळे नियम, त्यात नातेवाइकांचं एकच पालुपद, लग्न कधी करतोस? आनंदचं मन पुरुषावर जडतं, हे त्याच्या आईला ठाऊक आहे. लहानपणचा मित्र बाळ्या त्याच्यासाठी साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, आणतो, काटे काढून. दिग्दर्शक रोहन कानवडे यांनी पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. कॅमेरा एका जागी थांबून बघत राहतो. थोड्या वेळाने माझ्या बाजूच्या मुलाने पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला, तो शेवटपर्यंत उचलला नाही.

“असले सिनेमे ओटीटीवर बघायचे, थिएटरला मोठे बघायचे,” असं ऑफिसात तिघींनी ऐकवलं. मला हे अजिबात पटत नाही. मारामारी मोबाइलवरही कळते. दोन माणसं न बोलता शेजारी पडून आहेत, हे घरी बघताना कुकरची शिट्टी होते, हात फोनकडे जातो, आणि सिनेमा तिथेच सुटतो. थिएटरच्या अंधारात उठता येत नाही, म्हणून त्या दोघांचा श्वास ऐकावा लागतो. थिएटरची खरी गरज अशाच सिनेमाला आहे, आणि नेमका त्यालाच दुपारचा एक शो मिळतो, याचा मला मनापासून राग येतो.

बाहेर पडताना एक आजी म्हणाल्या, “त्याच्या आईला सगळं माहीत होतं, किती बरं झालं ना?”

आईला रविवारी न्यायचं ठरवलं होतं. शनिवारी ॲप उघडलं तर जवळपास एकही शो उरला नव्हता. कुठे चालू असेल तर कमेंटमध्ये सांगा, वाशी-पनवेलपर्यंत जायची आमची तयारी आहे.