कोपनहेगन एकट्या माणसानं बदललं? खुलासा वाचा

संभाजीनगर, जालन्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरायलाय, की मिकाएल कॉलव्हिल-अँडरसन नावाच्या डॅनिश इंजिनिअरनं एकट्यानं डेन्मार्कच्या राजधानीला, कोपनहेगनला, सायकलचं शहर बनवलं, आणि असा एक माणूस मिळाला की आपला जालना रोड पण सुधरल. हे चूक आहे.

माणूस खरा, काम पण मोठं, पण ते इंजिनिअर नाहीत. जन्म कॅनडात, १९६८ चा, आई-वडील डॅनिश, आणि आधी ते फिल्म लाईनमधे होते. २००६ ला कोपनहेगनच्या सिग्नलवर त्यांनी सायकलवाल्या बाईचा फोटो काढला, तो जगभर गाजला आणि तिथून सगळं सुरू झालं, २००९ ला शहरांना सायकलींबद्दल सल्ला देणारी कंपनी, मग भाषणं, टीव्ही सिरीज, २०१८ ला ‘कोपनहेगनाइझ’ हे पुस्तक.

पण तिथले सायकल ट्रॅक त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचे आहेत. मधे गाड्या वाढल्या, सायकली घटल्या, १९७३ चं तेलसंकट आलं आणि त्यानंतर साधे लोक हजारोंनी रस्त्यावर उतरून सुरक्षित ट्रॅक मागायला लागले, तेव्हा कुठं चित्र पालटलं. अँडरसननी ते जगाला समजंल असं सांगितलं, हे पण लई मोलाचं आहे. मला हा मेसेज खटकतो तो यासाठी, की वाळूजला कामावर सायकलीनं जाणाऱ्या माणसाला तो कुणाची तरी वाट बघत बसा म्हणतोय, आणि ट्रॅक तर आपल्यालाच आपल्या वॉर्डातून मागावा लागल.

मेसेज पुढं पाठवायचाच असल तर हे जोडून पाठवा.