शुगर निघाली म्हणून गोळ्या बंद करायला सांगणारा तो मेसेज

“शुगर निघाली? २१ दिवस धान्य बंद, फळं बंद, साखरेऐवजी मध, सकाळी उपाशीपोटी कडू रस. घरात साखरेचा कण ठेवू नका. गोळ्या-इन्सुलिन कायमचं सुटेल.” हा मेसेज मी आजवर न वाचता पुसत आले. पण मावशीला नुकताच मधुमेह निघाला आणि तो वाचून तिने परस्पर गोळ्या थांबवल्या. आता उत्तर द्यायलाच हवं.

सगळ्यात घातक म्हणजे इन्सुलिन सोडण्याचा सल्ला. टाइप १ मधुमेहात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. बाहेरून ते मिळालं नाही, तर चरबी जळून रक्तात कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साठतात, रक्त आम्लधर्मी होतं आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. खाण्यापिण्याने हे टळत असतं, तर इन्सुलिन येण्याआधीची मुलं वाचली असती. तेव्हा डॉक्टर त्यांना जवळजवळ उपाशीच ठेवत. काही महिने वाढायचे, पण मुलं हाडांचा सापळा होऊन जायचीच. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन दिलं, तिथून हे बदललं. आणि हा मेसेज लिहिणाऱ्याला टाइप कोणता, एवढंही विचारावंसं वाटत नाही!

टाइप २ मधुमेहाबाबत (यात शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते पुरं पडत नाही) एक गोष्ट मात्र कबूल करते, जड मनाने. काहींच्या गोळ्या खरंच सुटतात. ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार तीन ते पाच महिने दिला. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. म्हणजे गुण वजन उतरण्याचा, कडू रसाचा नव्हे. शिवाय निदान होऊन सहा वर्षांच्या आतले आणि इन्सुलिन न घेणारेच लोक त्यात होते. त्यांची औषधं थांबवली ती देखरेखीखाली. दुसऱ्या वर्षी ४६ चे ३६ टक्के झाले. मग ‘कायमचं’ कुठून आलं? आणि एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, २१ दिवसांत ती काय सिद्ध करणार?

मध ही साखरच आहे, पाणी मिसळलेली. फळं बंद करायची गरज नाही. अख्खं फळ बेताने खा, रस टाळा. धान्य कमी करा, कोंड्यासकट खा, ताटात भाज्या आणि प्रथिनं वाढवा. किती, ते आपल्या गोळ्या आणि वजन पाहून आहारतज्ज्ञ सांगतील.

राहिला साखरेचा कण. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण चुकलं, तर रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. तेव्हा १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज लगेच घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट रुग्णवाहिका बोलवायची. मावशीच्या घरातली साखर त्या मेसेजमुळे फेकली गेली होती. ती मी परत भरून ठेवली आहे आणि गोळ्यांसाठी उद्या तिला डॉक्टरांकडे नेते आहे.