ब्रेक पाईपला एम-सील लावायचा तो मेसेज थांबवा

जुन्या मारुती ८०० चा ब्रेक पाईप गळत असेल तर एम-सील लावा, वरून टेप गुंडाळा आणि ब्रेक ऑइल कमी झालं की इंजिन ऑइल टाका असा मेसेज फिरतोय, मीपण दोन ग्रुपवर टाकला होता, चूक झाली.

टायरमध्ये हवा असते ३० पीएसआयच्या आसपास, आणि जोरात ब्रेक दाबला की त्या बारीक पाईपमध्ये प्रेशर हजाराच्या घरात जातं, तिथे एम-सील काय टिकणार? गॅरेजमध्ये उभी असताना टिकेल, घाटात नाही. इंजिन ऑइल तर त्याहून वाईट, मास्टर सिलेंडर (पेडलकडचा) न् व्हील सिलेंडरची (चाकाकडचा) रबरं फुगतात, मग सगळंच बदला. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा ४ ब्रेक ऑइलच टाकायचं.

पाईप गंजला (आमच्या कोकणात तर हमखास) की अख्खा बदलायचा, टोकाला डबल फ्लेअर (दोनदा दुमडून पसरवलेलं तोंड) हवा, एसीची तांब्याची नळी चालत नाही. नंतर ब्लीडिंग करून पाईपमधली हवा काढायची. तोवर गाडी टो करूनच न्या.

जिथे जिथे फॉरवर्ड केलाय तिथून डिलीट करा प्लीज, मी केलाय.