'अडाणी आईला काय विचारायचं?'

खानदेशातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. गरीब घरच्या आईला प्रश्न विचारून बाळाची वाढ तपासणं ही म्हणे धूळफेक: तिला वाचता येत नाही, तारखा आठवत नाहीत, ती सगळं छानच सांगते, परदेशात ही पद्धत नापास झाली आहे, आणि तपासायला डॉक्टरच हवा.

वाचता येत नाही? मग वाचून दाखवा. खरी अडचण भाषेची आहे. 'आधाराशिवाय बसते का' यावर गप्प राहणारी माय अहिराणीत 'बठस का?' म्हटलं की बोलू लागते. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यात अहिराणीही पुरत नाही, तिथे पावरी, भिली लागते.

तारखांचं म्हणाल तर बहुतेक प्रश्न बाळ आज काय करतं एवढंच विचारतात. आणि 'आखाजीले बठाले लागना' (अक्षय्य तृतीयेला बसायला लागला) हे मायला पक्कं ठाऊक असतं. आखाजी कधी होती ते कॅलेंडर सांगेल.

'नापास' हे मात्र अर्धं खरं आहे. पालकांना विचारून बाळाची वाढ तपासणाऱ्या 'एजेस अँड स्टेजेस' या परदेशी प्रश्नावलीत 30 प्रश्न. हो, कधीकधी, अजून नाही, याला 10, 5, 0 गुण. कोलंबियातल्या बोगोटात गरीब आणि मध्यम घरांतल्या तेराशेवर मुलांना ही प्रश्नावली लावली, आणि पडताळ्यासाठी तज्ज्ञांनी बेली चाचणीही घेतली, म्हणजे मुलाकडून प्रत्यक्ष करून घेऊन वाढ मोजणारी सविस्तर चाचणी. 2016 मध्ये निकाल आला: 31 महिन्यांखालच्या मुलांसाठी ही प्रश्नावली भरवशाची नाही. फॉरवर्ड इथेच थांबतो. त्याच अभ्यासात पालकांना विचारून भरलेली बाळाच्या शब्दांची यादी मात्र चांगली उतरली. पालक तेच, प्रश्न वेगळे. आता बघा, जिना धरून चढतो का, रंगीत खडूने रेघ ओढतो का, हे कुडाच्या घरात विचारलं तर उत्तर 'अजून नाही'च येणार. तो शून्य घराला मिळाला, लेकराला नव्हे. खडू हातात देऊन बघा. प्रश्नावलीही करून बघायलाच सांगते.

छानच सांगते, हेही कधीकधी खरं. दारात रजिस्टर घेऊन कुणी उभं, मागे सासू. कुठली सून म्हणेल की पोरगं हाक मारली तरी वळत नाही? एकटीला विचारा, आणि 'काय काय करतो, दाखव बरं' असं विचारा.

उरला शेवटचा मुद्दा, 'डॉक्टरच हवा'. असे प्रश्न ही नुसती चाळणी, निदान नव्हे. कुणाला पुढे जिल्ह्याच्या केंद्रात न्यायचं एवढंच ती ठरवते. अनोळखी टेबलावर रडणारं पोर डॉक्टरला पाच मिनिटांत काय दाखवणार?

फॉरवर्डवाल्यांना न सुचलेली एक अडचण मीच सांगतो. कापूस वेचणीच्या दिवसांत माय पहाटे शेतात जाते, झोळी हलवते आजी. तेव्हा प्रश्न आजीला विचारा.