बहावा आणि ४५ दिवसांचा हिशेब

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पिवळ्या झुंबरांचे फोटो फिरू लागतात. सोबतचा मजकूर साधारण असा: बहावा फुलला की बरोबर ४५ दिवसांनी पाऊस. जितका भरगच्च फुलोरा, तितका जास्त पाऊस. आणि यंदा तो लवकर फुलला, हा तापमानवाढीचा पुरावा.

आधी ४५ दिवस. मोजायचे कुठून? काही बहावे एप्रिलच्या सुरुवातीलाच पिवळे होतात, काही मे संपत आला तरी फुलतच असतात. एकाच रस्त्यावरच्या दोन झाडांत दोन-तीन आठवड्यांचे अंतर सहज पडते. सुरुवात अशी हवी तिथे धरता आली, तर हिशेब चुकणार कसा? एप्रिलच्या आरंभापासून मोजा, मेमधला वळीव हाताशी येतो. महिनाअखेरीपासून मोजा, मान्सून.

आता उलटे मोजून पाहा. २०२३ मध्ये मान्सून मुंबईत २५ जूनला पोचला, पुण्यात त्याच्याच आगेमागे. २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबई-पुण्यात होता. म्हणजे एका वर्षी बहावा ११ मेच्या सुमारास फुलायला हवा होता, दुसऱ्या वर्षी ११ एप्रिलला. शहरभरचा बहर असा महिनाभर सरकला असता, तर फोटो काढणाऱ्यांनीच आधी बोंब मारली असती. शिवाय काही बहावे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा थोडेसे फुलतात. त्यानंतर ४५ दिवसांनी काय, दिवाळीत पेरणी?

झाड फुलते ते होऊन गेलेल्या गोष्टींवर: मुळांशी उरलेली ओल, पानगळ कधी झाली, उन्हाचा चढता पारा, वाढता दिवस. दुभाजकात टँकरचे पाणी मिळणारे झाड आणि टेकडीच्या मुरमातले झाड म्हणूनच एका वेळी फुलत नाहीत. मान्सूनची सूत्रे हलतात दूर समुद्रावर. पुण्यातले सिमला ऑफिस ज्या भारतीय हवामान विभागाचे, तो केरळातल्या आगमनाच्या अंदाजासाठी सहा घटक पाहतो. त्यांत वायव्य भारतातले किमान तापमान आहे, दक्षिणेतला पूर्वमोसमी पाऊस आहे, हिंदी महासागरावरचे वारे आहेत. एवढे करूनही चार दिवस इकडेतिकडे गृहीत धरतो. शेतकऱ्याने तर फुलाकडे पाहून बियाणे टाकूच नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेल्यावरच पेरावे. वळिवावर पेरले आणि पुढे ओढ बसली की दुबार पेरणी ठरलेली.

भरगच्च फुलोऱ्याचे उत्तर बहुधा झाडावरच असते. घोस जुन्या फांद्यांवर येतात, त्यामुळे तारांखालची छाटणी झाली की बहर विरळ. त्याचा पावसाशी संबंध नाही.

तिसरा मुद्दा जपून हाताळायला हवा, कारण तापमानवाढ खरी आहे. जपानमध्ये क्योटोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत. २०२१ मध्ये तो २६ मार्चला पूर्ण फुलला, बाराशे वर्षांत सर्वांत लवकर. तो पुरावा ठरतो नोंदींच्या लांबीमुळे, एका फोटोमुळे नव्हे. आणि उष्णता वाढली की सगळेच लवकर फुलते असेही नाही. कोकणातल्या आंब्याला मोहोरासाठी थंडी लागते. हिवाळा उबदार गेला की मोहोर लांबतो किंवा कमी येतो.

बहावा खरेच सरकतोय का हे पाहायचे, तर एक झाड पक्के करा आणि दर आठवड्याला ठरलेल्या वारी तेच पाहा. कळ्या, उमललेली फुले, कोवळी पाने, कच्च्या शेंगा, पिकलेल्या शेंगा; प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘एक तृतीयांशाहून कमी’ किंवा ‘जास्त’ एवढेच लिहा. फुले नसलेल्या आठवड्याचीही नोंद हवी, लोक नेमकी तीच गाळतात. ‘शहरातले पहिले फूल’ ही तारीख मात्र तुलनेला धरू नका. पाहणारे डोळे वाढले की ती आपोआप आधीची होते. झाड जिथल्या तिथेच असते.